समकालीन कादंबरीचं परीक्षण : विषयाला दाद देऊन भागतं का?

पुरवणीवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी पेशाने पत्रकार. बरीच वर्षं जिल्हा पातळीवर बातमीदारी केली, आता डेस्कवर आहे आणि त्याच्या जोडीने रविवारच्या पुरवणीत कादंबऱ्यांवर लिहितो. एक गोष्ट फार दिवस मनात साचली आहे. ती इथल्या वाचणाऱ्या माणसांपुढे मांडतो.

आपल्याकडे वर्तमानपत्रात येणारं कादंबरीचं परीक्षण बहुतेक वेळा कादंबरीच्या विषयाचं परीक्षण असतं. शेतकऱ्याची दैना, धरणग्रस्त, खाणी, जात, महानगरातलं एकटेपण. विषय मोठा म्हणून कादंबरी मोठी. मग कथानकाचे चार परिच्छेद, शेवटी 'भाषा प्रवाही आहे, मुखपृष्ठ समर्पक आहे', आणि लेख संपला. पण तोच विषय त्याच दिवशीच्या अंकात पहिल्या पानावरही असतो. बातमीत नसलेलं असं कादंबरीत काय आहे, हे वाचकाला कोणी सांगायचं?

पत्रकाराने परीक्षण लिहायला घेतलं की हा धोका आणखी वाढतो. आमचा डोळा मुद्दा शोधायला तयार झालेला असतो. तीनशे पानांतून 'इंट्रो' (बातमीचा सार सांगणारा पहिला परिच्छेद) काढायची सवय हाडीमाशी मुरलेली असते. कादंबरीत इंट्रो नसतो. तिथे विसाव्या पानावर सहज आलेली एक म्हैस दोनशेव्या पानावर अख्ख्या गावाइतकी मोठी होऊ शकते.

म्हैस म्हणालो ते 'रिंगाण'मुळे. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस आणायला जुन्या रानात परत जाणारी माणसं. याच विषयावरची विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. दोन्हींच्या परीक्षणांत 'विस्थापितांची व्यथा प्रभावीपणे मांडली आहे' हे वाक्य जसंच्या तसं बसतं. म्हणजे ते वाक्य दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

'झाडाझडती'मध्ये माणसांची गर्दी आहे. खैरमोडे गुरुजी आहेत, गावकरी आहेत, पुढारी, दलाल, कचेरीतले लोक आहेत. संपादनाच्या नोटिसा, मोबदला, पुनर्वसनाच्या जमिनी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणारी फाइल. लेखक स्वतः प्रशासनात अधिकारी होते, आणि यंत्रणा आतून कशी चालते याचं ज्ञान कादंबरीच्या पानापानांत आहे. ती रुंद कादंबरी आहे. गाव मोडतं ते कचेरीत, टप्प्याटप्प्याने, सह्या-शिक्क्यांनी मोडतं, हे तिला दाखवायचं आहे आणि त्यासाठी तिला ती गर्दी लागते. आता 'रिंगाण' बघा. तिथे सरकार जवळजवळ दिसतच नाही. माणूस, रान आणि जनावर. चाल संथ, नजर जमिनीलगत. माणसाळलेलं जनावर रानात राहून माणसाला ओळखेनासं होतं, आणि रानातून उठवलेला माणूस नव्या वसाहतीत स्वतःलाच ओळखेनासा होतो. हे कोणी भाषण करून सांगत नाही, त्या पाठलागातूनच ते उभं राहतं. 'झाडाझडती'च्या अपेक्षेने 'रिंगाण' उघडणारा वाचक पन्नास पानांत विचारेल की काही घडत का नाही. त्याला आधीच सांगणं, आणि संथपणा कशासाठी आहे ते दाखवणं, हे परीक्षकाचं काम.

मी पाटबंधारे खात्याच्या बातम्या केल्या आहेत. कोयनेचं धरण साठच्या दशकात उभं राहिलं आणि महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली आला. आधी उठलेल्यांची फरफट आजही मोर्चांमधून दिसते. ही माहिती परीक्षणात दोन ओळी आली तर वाचकाला मदत होते. पण तिनेच अर्धा लेख व्यापला, तर मी कादंबरीच्या निमित्ताने माझी जुनी बातमी पुन्हा छापली असं होईल.

नंदा खरे यांच्या 'उद्या'चंही असंच होतं. ती नजीकच्या भविष्यातली कादंबरी आहे. लोकांवर पाळत, माहितीचा व्यापार, बड्या कंपन्यांची सत्ता. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला, आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला, कारण पुरस्कार घ्यायचे नाहीत असं त्यांनी काही वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. त्या वेळच्या बहुतेक बातम्या नकाराच्या होत्या. मग कादंबरीवर लिहिताना लोक 'कुठलं भाकीत खरं ठरलं' याची यादी करू लागले. भाकितं खरी ठरली म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही. इतकी माहिती पोटात घेऊन ती माणसांची गोष्ट राहते का, कुठे ती निबंधाकडे झुकते, आणि झुकते तिथेही वाचावीशी का वाटते, हे प्रश्न आहेत.

माझी रीत थोडक्यात सांगतो. पाठराखण (मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर) आणि प्रस्तावना शेवटी वाचतो. कादंबरी कोण सांगतंय, त्याला किती माहीत आहे आणि तो कोणाला सांगतोय, हे पहिल्या वाचनात कोऱ्या पानावर टिपतो. परीक्षणात मूळ मजकुराचा एक तरी सलग तुकडा देतो, चार-पाच ओळींचा का होईना. लेखकाची भाषा कशी आहे हे मी दहा विशेषणांत सांगण्यापेक्षा वाचकाने ती चाखलेली बरी. आणि मत देतो. नुसता परिचय करून बाजूला होत नाही. सहाशे-सातशे रुपये मोजणाऱ्या माणसाला माझं मत मागण्याचा हक्क आहे.

तुम्ही कादंबरीचं परीक्षण वाचता तेव्हा काय शोधता? आणि लिहिणारे असाल तर ओळखीच्या लेखकाच्या पुस्तकाचं काय करता?

---

ग्रंथघर

चांगला विषय काढलात. मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सरकारकडून वाचनालयाला मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानातून पुस्तकांसाठी जे उरतं त्यात वर्षभराच्या कादंबऱ्या निवडायच्या असतात. त्यामुळे रविवारची परीक्षणं मी कात्री घेऊन वाचते. मला हवं ते बहुतेकांत सापडत नाही.

मला हवं असतं ते असं. ही कादंबरी कोण वाचेल? आमच्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, दुपारी येणाऱ्या बायका आहेत. जाड कादंबरी घरी जाते आणि आठवड्याने परत येते. कोपरा दुमडलेला असतो साधारण चाळिसाव्या पानावर. परीक्षकाने 'पहिली शंभर पानं नेट धरा, मग पुस्तक सोडणार नाही' एवढं लिहिलं असतं तर मी ते वाचकाला काउंटरवरच सांगितलं असतं. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' मी असंच सांगून देते. काही शतकांचा पट आहे, एकेका पुरुषाची गोष्ट सुटी वाचलीत तरी चालेल, घाई करू नका. ती परत येते तेव्हा वाचलेली असते.

---

पांढरीचा_पोऱ्या

पुरवणीवाले भाऊ, तुमचं म्हणणं पटलं पण पूर्ण नाही.

मी बुलढाण्याकडचा. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' मी कॉलेजात असताना वाचली. शिकलेला एकनाथ, नोकरीसाठी भरायला पैसा नाही, शेतीत काही उरत नाही, आणि घरात बायकोशी रोजची ओढाताण. ते आमच्या गल्लीतलं घर होतं. तोवर पुस्तकात आमचं घर येतं हेच आम्हाले माहीत नव्हतं. तेव्हा कोणी 'निवेदनतंत्र' वगैरे लिहिलं असतं तर मी ते परीक्षण बाजूला ठेवलं असतं. विषय हाच आमच्यासाठी आधार होता. शहरातल्या वाचकाले विषय जुना झाला असेल, ज्याच्यावर कधी कोणी लिहिलंच नाही त्याले तो पहिल्यांदा भेटतो.

---

पुरवणीवाला

@पांढरीचा_पोऱ्या, भाऊ, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. ज्या माणसांना कादंबरीत जागाच नव्हती त्यांच्यासाठी विषय येणं हीच घटना असते.

पण 'बारोमास' तुमच्या लक्षात का राहिली ते तुम्हीच वर लिहिलंय. भाव, कर्ज, पाऊस यांचे आकडे तुम्हाला आठवत नाहीत. एकनाथ आणि अलका यांची ओढाताण आठवते. शेतीचं अरिष्ट लेखकाने बाजार समितीत न दाखवता नवरा-बायकोच्या बोलण्यात आणून ठेवलं. गावात येऊन राहिलेली शिकलेली बायको आणि गाव सोडता न येणारा शिकलेला नवरा, यांच्या भांडणात सगळी अर्थव्यवस्था बोलते. मी ज्याला घडण म्हणतो ती हीच. 'निवेदनतंत्र' न म्हणताही हे सांगता येतं, आणि वर्तमानपत्रात तसंच सांगायला हवं. त्या पुस्तकाला २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला, पण वाचक त्याला धरून आहेत ते या घरासाठी.

---

तळटीप

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विषयावर भाळण्याचा आजार मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचा आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ची. तिच्या नावालाच जोडलेलं आहे 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. विषय मुखपृष्ठावरच सांगून टाकला! पुढे हरिभाऊ आपटे यांनी त्याच दुःखावर 'पण लक्षात कोण घेतो!' लिहिली. १८९०पासून 'करमणूक' या साप्ताहिकात ती क्रमशः येत होती. फरक कुठे पडला? हरिभाऊंनी नायिकेला, यमूला, स्वतः बोलायला लावलं. घरातल्या बायकांची बोली, लहानपणाच्या आठवणींचा रेंगाळता सूर, आणि तिच्यावर काय ओढवणार आहे हे वाचकाला तिच्या आधी कळणं. विधवेच्या स्थितीचं निरूपण त्याआधी पुष्कळ झालं होतं. विधवेचा आवाज ऐकू आला तो इथे. वर्गात ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की मुलांना पंधरा मिनिटांत मुद्दा कळतो.

भालचंद्र नेमाडे यांनीही 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या निबंधात रीतिवादी, वास्तववादी, कृतिवादी अशा प्रवृत्ती मांडल्या. त्या मान्य करा किंवा करू नका. पण कादंबरी कशी लिहिली आहे याची चर्चा मराठीत पन्नासेक वर्षं तरी चालू आहे. ती विद्यापीठातून वर्तमानपत्रात पोहोचली नाही. त्याला आम्ही प्राध्यापकही जबाबदार आहोत, कारण आम्ही लिहितो ते वाचवत नाही.

---

सांजवात

मी फक्त वाचक. एक खटकणारी गोष्ट सांगते.

कादंबरी बाईने लिहिलेली असली की परीक्षणाचा सूर बदलतो. 'धाडसी', 'बंडखोर', 'मोकळेपणाने' हे शब्द ठरलेले. मग नायिकेचं आयुष्य आणि लेखिकेचं आयुष्य एकमेकांवर ठेवून बघायचं. कविता महाजन यांची 'ब्र' २००५ साली आली तेव्हा मी खूप परीक्षणं वाचली होती. बहुतेक सगळी महिला सरपंचांच्या प्रश्नावर होती. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना राखीव जागा दिल्या, पण सत्ता दिली का, वगैरे. प्रश्न खरा आहे, पण त्या कादंबरीत प्रफुल्ला नावाची ऐकणारी बाई आहे. पाड्यापाड्यांवरच्या बायका आपापल्या बोलीत सांगतात, आणि ती ऐकता ऐकता स्वतःच्या संसाराकडे बघायला शिकते. दुसऱ्याचं ऐकता ऐकता स्वतःचा आवाज सापडतो, अशी ती रचना आहे. नाव 'ब्र' आहे ते उगाच नाही. हे कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही. पंचायतराजवरची मालिका वाचतोय असं वाटत होतं.

---

दोन_फॉर्मे

छोटा प्रकाशक आहे. प्रकाशकाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

आम्ही वर्तमानपत्राकडे अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवतो. पुष्कळदा 'साभार पोच'मध्ये नाव, लेखक, पृष्ठं, किंमत एवढंच येतं. कधी तेही येत नाही. पूर्वी कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशेची असायची. आता नव्या लेखकाची तीनशे-पाचशे छापून बघतो, लागेल तशी पुन्हा काढतो. त्यात पुरवण्यांची पानं आटली. आठशे शब्दांची जागा चारशेवर आली. अशा वेळी परीक्षक काय करणार? कथानक सांगून मोकळा होतो.

आणि एक कबूल करायला हवं, कितीतरी परीक्षणं आम्हीच 'लावतो'. लेखकाचा मित्र, नाहीतर प्रस्तावना लिहिणाऱ्याचा विद्यार्थी. मजकूर आयता पोहोचतो, पुरवणीला तो फुकट मिळतो. मला ते आवडत नाही, पण पाचशे प्रती गोदामात असतात तेव्हा आवडीनिवडीला जागा राहत नाही. परखड परीक्षणाने माझ्या एका पुस्तकाचं नुकसान होण्याऐवजी फायदा झाला. परीक्षकाने दोन दोष नेमके दाखवले होते, त्यामुळे त्याने केलेली स्तुती लोकांना खरी वाटली. फोन आले ते 'तुमच्या त्या कादंबरीत शेवट फसलाय म्हणे, पण मधला भाग वाचायचाय' असे.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. इथे प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आम्ही वाचणारे दोन्ही भाषांतले. महाबळेश्वर सैल यांच्यासारखे लेखक कोकणीतही लिहितात आणि मराठीतही. त्यांच्या मराठी कादंबरीवर मुंबई-पुण्याकडून येणारं परीक्षण 'गोव्याची पार्श्वभूमी' या दोन शब्दांत सगळं आटोपतं. समुद्र, माड, चर्च. पात्रांच्या बोलण्याला कोकणीचं वळण का आहे, कुठे आहे, कोणाच्या तोंडी नाही, हे पाहिलं तर जात, धर्म, शिक्षण सगळं उलगडतं.

प्रवीण बांदेकर यांचं सावंतवाडीच्या बाजूचं लेखन आम्हाला फार जवळचं वाटतं ते यामुळेच. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२चा अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा 'कोकणातली राजकीय कादंबरी' एवढीच ओळख दिली गेली. परीक्षकाने निदान एक पान मोठ्याने वाचून बघावं. कान लागतो त्याशिवाय ही पुस्तकं उघडत नाहीत.

---

अर्धविराम

माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत, नाव इथे नको. लेखकाला काय वाटतं ते सांगतो.

टीकेने फार दुखत नाही. न वाचता लिहिलेल्या स्तुतीने दुखतं. माझ्या पहिल्या कादंबरीवर एक मोठा लेख आला होता, त्यात पाठराखणीवरची वाक्यं क्रम बदलून होती. पुस्तकात मी एक प्रकरण पूर्ण संवादात लिहिलंय, त्यासाठी मला वर्ष लागलं. त्याचा उल्लेखही नव्हता. उलट एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड आलं की ते प्रकरण जमलेलं नाही, कारण सगळी पात्रं सारख्याच लयीत बोलतात. मी ते प्रकरण पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या आवृत्तीत बदललं. तो माझा खरा परीक्षक.

धागालेखकांना प्रश्न. नव्या लेखकाची कादंबरी वाईट असेल तर तुम्ही तसं लिहिता का?

---

पुरवणीवाला

@अर्धविराम, नाही लिहीत. पहिली कादंबरी फसली असेल तर मी ती जागा दुसऱ्या पुस्तकाला देतो. महिन्याला जेमतेम दोन परीक्षणांची जागा मिळते, त्यातली एक कोवळ्या लेखकाला झोडपण्यात का घालवायची? जमल्यास लेखकाला खासगीत कळवतो. पण नावाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या, गाजावाजा होऊन आलेल्या कादंबरीबद्दल मात्र स्पष्ट लिहायचंच. तिथे गप्प बसणं ही वाचकाशी प्रतारणा आहे.

ओळखीच्या लेखकांचा मुद्दा. मराठीचं साहित्यविश्व इतकं लहान आहे की पाच-सात वर्षं लिहिलं की सगळे ओळखीचे होतात. मी एवढं पाळतो की ज्याच्या घरी जेवलोय त्याच्या पुस्तकावर लिहीत नाही, आणि ज्याच्या प्रकाशन समारंभात बोललोय त्याच्यावरही नाही. एका नामवंत लेखकाने यावरून माझ्याशी बोलणं सोडलं. वाईट वाटतं, पण मी बदललो नाही.

---

तळटीप

@पुरवणीवाला, नव्या लेखकाबद्दलच्या तुमच्या धोरणाशी मी सहमत नाही. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. पहिली कादंबरी हीच अनेकदा लेखकाची सगळ्यात जोखमीची, सगळ्यात नवी गोष्ट असते. तिच्या फसण्यातही पुष्कळ शिकण्यासारखं असतं. न लिहून तुम्ही लेखकाला वाचवत नाही, एकटं पाडता. त्याच्याभोवती मग स्तुती करणारे मित्र तेवढे उरतात.

आणि 'झोडपणं' किंवा 'गप्प बसणं' असे दोनच पर्याय कसे? 'ललित' मासिक १९६४ साली सुरू झालं, त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लिहायचे. भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडाल्या, पण त्यामागे त्यांचं वाचन होतं आणि माया होती, म्हणून ते लेखकही तो मजकूर शोधून वाचायचे.

---

अर्धविराम

तळटीप सरांना माझा पाठिंबा. मला झोडपलेलं चालेल, फक्त कुठल्या पानावर चुकलो ते सांगा.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आम्हाला पुस्तक हातात घेऊन चाळता येत नाही, टपालखर्च पुस्तकाच्या किमतीएवढा होतो, त्यामुळे परीक्षणावरच भरवसा. माझी विनंती छोटी आहे. शेवट फोडू नका, पण पुस्तकात बोलीभाषा किती आहे ते सांगा. वऱ्हाडी किंवा अहिराणी मला जड जाते, तरी वाचायची असते. तयारीने वाचता येते.

वर्तमानपत्राखेरीज आणखी कुठे चांगलं लिहिलं जातं, कुणी सांगेल का?

---

ग्रंथघर

@एडिसनकर, 'साधना', 'मुक्त शब्द', 'ललित' बघा. मसापची (महाराष्ट्र साहित्य परिषदेची) 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' आहे, 'अनुष्टुभ' आहे. तिथे लेखाला लांबी मिळते.

बोलीबद्दल तुम्ही म्हणता ते आमच्या वाचकांनाही लागू आहे. सोलापुराकडच्या माणसाला मालवणी तितकीच परकी. काही पुस्तकांत शेवटी शब्दांचे अर्थ दिलेले असतात, काहींत मुद्दाम दिलेले नसतात. परीक्षकाने तेही लिहावं.

---

सांजवात

गोविंद तळवलकर यांचं 'वाचता वाचता' इथे कोणी वाचलंय का? संपादक असून पुस्तकांवर इतकं निगुतीने लिहिलंय. पुरवणीवाले म्हणतात की पत्रकाराचा डोळा अडचण होतो. मला वाटतं पत्रकाराचं एक बळही असतं. तो सोपं लिहितो, आणि वाचक कंटाळेल ही भीती त्याला सतत असते. प्राध्यापकांना ती नसते. (तळटीप सर, रागावू नका.)

---

पुरवणीवाला

@सांजवात, 'ब्र'बद्दल तुम्ही लिहिलंत तो परिच्छेद मला माझ्या पुरवणीत हवा होता. ऐकणारी बाई हाच त्या कादंबरीचा कणा आहे.

पत्रकाराच्या बळाबद्दल आणखी एक. अरुण साधू यांनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिल्या तेव्हा ते बातमीदारीतच होते. मंत्रालयातलं राजकारण त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि तरी त्या कादंबऱ्या बातम्या झाल्या नाहीत. दिगू टिपणीस हा बातमीदार 'सिंहासन'मध्ये आहे. त्याला सगळं कळतं, पण त्यातलं फारच थोडं छापता येतं. जे छापता येत नाही ते माणसाच्या आत काय करतं, ते साधूंनी कादंबरीत ठेवलं. पत्रकाराने कादंबरी वाचताना हेच शोधावं, आमच्या बातमीच्या चौकटीत न मावलेलं. माझ्या पेशाने मला ती चौकट पक्की दाखवली आहे, त्यामुळे तिच्याबाहेर काय उरतं ते मला दिसायला हवं. ते दिसलं की परीक्षणाला पहिलं वाक्य सापडतं.

@तळटीप सर, पहिल्या कादंबऱ्यांबाबत तुमचं आणि @अर्धविराम यांचं म्हणणं ऐकून विचार करतोय. जागेची अडचण खरी आहे, पण तीनशे शब्दांतही 'इथे जमलं, इथे नाही' असं पानासकट लिहिता येईल. पुढच्या महिन्यात एका पदार्पणाच्या कादंबरीवर तसं लिहून बघतो. संपादकांशी बोललोय, त्यांची हरकत नाही.

---

पांढरीचा_पोऱ्या

लिहा. आणि ते पुस्तक पुण्या-मुंबईच्या बाहेरचं निवडा भाऊ. आमच्याकडची पोरं छापतात स्वतःच्या खर्चाने, तीनशे प्रती, अन् त्या मित्रांतच वाटल्या जातात.

एक विचारायचं होतं. 'रिंगाण' मागवतोय. खोत यांचं आधीचं वाचायला लागेल का?

---

ग्रंथघर

@पांढरीचा_पोऱ्या, लागणार नाही, 'रिंगाण' स्वतंत्र आहे. पण ओळीने वाचायचं असेल तर 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' आणि मग 'रिंगाण'. पावसाळ्यात वाचणार असाल तर 'झड-झिंबड' आधी घ्या. पन्हाळ्याकडचा संततधार पाऊस आहे त्यात, आणि कोरडवाहू मुलखातल्या वाचकाला तो पाऊस कसा वाटतो ते मला ऐकायचं आहे. आमच्या इथल्या एका शेतकरी वाचकाने ती दोनदा नेली. दुसऱ्यांदा का, विचारलं तर म्हणाले, पहिल्यांदा पाऊस थांबायची वाट बघत वाचली, आता माणसं बघायची आहेत.